माणिक : खाणीपासून अंगठीपर्यंत



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावरून रत्नांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्यांची ऊठबस जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात आणि कापसाच्या बाजारातल्या हमालांत, त्यांचा माणकाशी संबंध तो कोणता? संबंध आहे. अमरावती-अकोल्याच्या सराफ्यात माणिक घेणारे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे असते. एक हौशी, त्याच्याजवळ पैसा असतो आणि फसलाच तर ते नुकसान त्याला सोसते. दुसरा अडलेला. घरात दुखणे असते, मुलाला नोकरी लागत नसते, शेताचा तंटा कोर्टात पडलेला असतो, आणि कोणीतरी त्याला सांगितलेले असते की तुझा रवी बिघडला आहे, माणिक घाल. हा दुसरा माणूस आमच्या माणसांपैकी आहे. ग्रहांचा वाद आज आम्ही काढणार नाही. परंतु त्याच्या बोटात जे जाते ते काय असते, ते कोठून येते, त्याच्यावर वाटेत काय काय प्रयोग झालेले असतात, आणि त्यातले त्याला किती सांगितले जाते, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे असे आम्ही समजतो.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि कामगारांच्या तक्रारींवर. हाही विषय एका तक्रारीनेच आमच्या गळ्यात पडला. ती तक्रार पुढे सांगू. आधी दगडाची ओळख करून घेऊ.

माणिक म्हणजे कुरुंद. गावोगाव फिरणारा शिकलगार ज्या दगडाच्या चाकावर विळे आणि चाकू पाजळीत असे, त्या कुरुंदाचाच हा लाल भाऊ. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम, आणि तोच शब्द पुढे इंग्रजीत जाऊन कोरंडम झाला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पद्मराग म्हणजे माणिक कशापासून उत्पन्न होते ते सांगताना कुरुविंदाचे नाव येते. धार लावणारा दगड आणि राजाच्या मुकुटातला दगड यांचे नाते या देशातल्या जाणत्यांना फार पूर्वीपासून माहीत होते.

आणि हा कुरुंद तरी कशाचा? आपल्या स्वयंपाकघरातला जर्मनचा गंज ज्या धातूचा असतो तो अॅल्युमिनियम, आणि हवेतला प्राणवायू. दोहोंचा संयोग होऊन स्फटिक बनला की कुरुंद तयार होतो. शुद्ध असला तर तो बिनरंगी असतो. त्यात शेकड्याला एखादा भाग क्रोमियम मिसळले की तो लाल होतो आणि आपण त्याला माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम मिसळले तर निळा होतो. मग त्याला नीलम म्हणतात. रवी आणि शनी यांचे वैर सांगतात, पण त्यांचे दोन दगड सख्खे भाऊ आहेत! काठिण्याच्या मापात हिऱ्याला १० गुण, माणकाला ९. स्वतः ९ चा असल्याने तो पोलादाला घासतो, पोलाद त्याला घासू शकत नाही.

वऱ्हाडात माणिक का नाही, असे कोणी विचारील. आपली जमीन काळ्या दगडाची, लाव्ह्याच्या थरांची. तिच्या पोकळ्यांतून अकीक निघतो, गारगोट्या निघतात, झिओलाइटचे सुंदर स्फटिक निघतात. माणिक निघत नाही. माणकाला अॅल्युमिनियम भरपूर लागते आणि गारेचा अंश, म्हणजे सिलिका, जवळपास मोकळा असून चालत नाही, कारण अॅल्युमिनियम सिलिकेशी जमले की त्याचे दुसरेच खनिज होते. मात्र विदर्भाच्या पूर्वेला जुन्या खडकांत कुरुंद आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पोहरा येथे तो सिलिमनाइटबरोबर सापडतो. आपल्या अमरावतीजवळच्या जंगलातले पोहरा ते हे नव्हे. तेथला माल भट्टीच्या विटांच्या कामाचा, दागिन्याचा नव्हे. सिरोंच्याच्या पलीकडे, इंद्रावती ओलांडून छत्तीसगडात गेले की भोपालपट्टणमजवळ कुचनूर येथेही कुरुंद निघतो. भारतात दागिन्याच्या कामाचे माणिक ओडिशात आणि दक्षिणेत थोडेफार मिळते. परंतु शतकानुशतके ज्याचे नाव जगभर झाले ते माणिक ब्रह्मदेशातले, मंडालेच्या ईशान्येला असलेल्या मोगोकच्या डोंगरातले.

मोगोकला माणिक संगमरवरात जन्मते. संगमरवर ऊनपावसाने झिजतो, माणिक झिजत नाही. ते दरीतल्या मातीवाळूत जाऊन बसते. या माणकाच्या थराला तेथे ब्योन म्हणतात. जुन्या पद्धतीत माणसे अरुंद खड्डे खणून या थरापर्यंत उतरत आणि लांब बांबूच्या तरफेला टोपली बांधून माती वर काढीत. डोंगराच्या उतारावर पाणी सोडून माती धुऊन काढणे ही दुसरी रीत, आणि संगमरवराच्या गुहांत शिरून तेथली माती खरवडणे ही तिसरी. कोणत्याही रीतीने काढली तरी शेवटी माती पाण्यात धुवायची, चाळायची आणि उरलेल्या खड्यांवर डोळे लावून बसायचे. मोठा खडा क्वचितच मिळतो. बहुतेक माती कोरडीच जाते.

तेथे एक चाल आहे, ती आम्हाला फार बोलकी वाटते. खाणवाल्यांनी धुऊन टाकलेल्या मातीत पुन्हा हात घालून राहिलेले बारीक खडे वेचण्याचा हक्क बायकांना असे. या बायकांना कनासे म्हणतात. जे सापडेल ते त्यांचे. आपल्याकडे वेचणी संपलेल्या शेतात मागे राहिलेली बोंडे वेचणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. देश वेगळा, पीक वेगळे, पण ज्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते ते हात तेच.

मोगोकच्या माणकाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचलेला आहे. ब्रह्मी राजांच्या अमलात ठराविक किमतीपुढचा खडा राजाचा, असा कायदा होता. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत केले. १८८६ साली त्यांना रत्नागिरीला आणून ठेवले. तेथे त्यांनी तीस वर्षे काढली; १९१० साली बांधून झालेला थिबा राजवाडा आजही उभा आहे. १९१६ च्या डिसेंबरात ते तेथेच वारले. मंडाले सोडताना आपली मौल्यवान रत्ने इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केली होती आणि ती परत मिळाली नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. त्यांत ङा मौक नावाचे प्रसिद्ध माणिक होते. त्याचा पत्ता पुढे लागला नाही. माणकांच्या खाणींचा हा धनी रत्नागिरीत खर्च भागवण्यासाठी जवळचे जडजवाहीर विकीत राहिला.

राजा गेला, कंपनी आली. १८८९ साली बर्मा रूबी माइन्स या लंडनच्या कंपनीला मोगोकचा ठेका मिळाला. तिने यंत्रे आणली, दरी खणली. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या खणणाऱ्या तेथल्या लोकांना आता खणायचे तर परवाना घ्यावा लागे आणि त्याचे पैसे कंपनीला द्यावे लागत. कालपर्यंत राजाला, आजपासून कंपनीला. खड्ड्यात उतरणाऱ्याच्या दृष्टीने बदल एवढाच! १९२५ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीकडे जाऊन आवरती झाली. तिला ज्या कारणांनी बुडवले त्यांतले एक कारण पॅरिसमधल्या एका प्रयोगशाळेत जन्मले होते. त्याकडे थोड्या वेळाने वळू.

आजच्या बाजारातले पुष्कळसे माणिक आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाचे असते. तेथे मोंतेपुएझ भागात २००९ साली मोठा साठा सापडला. जेथे गावकरी खणत होते तेथे मोठ्या कंपनीचा ठेका आला, आणि मग मारझोडीच्या, घरे जाळल्याच्या, माणसे मेल्याच्या तक्रारी झाल्या. लंडनच्या न्यायालयात दावा गेला. २०१९ च्या जानेवारीत जेमफील्ड्स या कंपनीने जबाबदारी मान्य न करता २७३ दावेदारांशी ५८ लाख पौंडांची तडजोड केली. चारच वर्षांनी, २०२३ च्या जूनमध्ये, मोझांबिकच्याच दुसऱ्या एका खाणीतले ५५.२२ कॅरटचे एक माणिक न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेले. हे दोन आकडे आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. निष्कर्ष आपण काढावा.

आता खाणीतून निघालेल्या दगडाचे पुढे काय होते ते पाहू. निघाला तसा, काही न करता बाजारात येणारा सुरेख लाल दगड विरळा. बहुतेक माणिक भट्टीतून जाते. ही युक्ती नवी नाही. अकराव्या शतकातल्या अल्‌बिरुनीने आपल्या रत्नशास्त्रावरच्या ग्रंथात माणिक तापवून त्याचा डाग घालवण्याची रीत लिहून ठेवली आहे. तापवल्याने निळसर झाक जाते, धुरकटपणा कमी होतो, लाली उजळते. १९९० नंतर ब्रह्मदेशात मोंग शू येथे माणकाचे नवे क्षेत्र उघडले. तेथल्या दगडाच्या पोटात काळपट निळा गाभा असतो. भट्टीत घातल्याशिवाय तो विकण्याजोगा होत नाही. भट्टीत टाकणखारासारखे द्रव्य घातले की ते वितळून भेगांत शिरते आणि भेगा सांधल्या जातात. असे तापवलेले माणिक माणिकच असते. रंग टिकाऊ, दगड टिकाऊ. आम्हाला त्यात गैर काही दिसत नाही. सोनेही तापवूनच शुद्ध करतात.

परंतु २००४ च्या सुमारास बाजारात निराळाच माल आला. ज्या कुरुंदाला कोणी हात लावला नसता असा तडकलेला, भेगाळलेला दगड घ्यायचा, आम्लाने धुवायचा आणि त्याच्या भेगांत शिसे मिसळलेली काच वितळवून भरायची. शिशाच्या काचेतून प्रकाश जवळजवळ माणकासारखाच वळतो, म्हणून भेगा डोळ्यांना दिसेनाशा होतात. दगड पारदर्शक, टपोरा, लालभडक दिसू लागतो. काही खड्यांत काचेचा भाग इतका असतो की काच काढून घेतली तर दगडाचे तुकडे हातात येतील. असा खडा लिंबाच्या रसाने खराब होतो, आणि सोनाराच्या फुंकणीच्या ज्योतीपुढे तर टिकतच नाही.

ती तक्रार येथे सांगतो. आमच्या संघटनेतल्या एका हमालाने पतपेढीचे कर्ज काढून माणकाची अंगठी घेतली. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही. वर्षभराने अंगठी बोटाला घट्ट होऊ लागली म्हणून तो एका गरीब कारागिराकडे गेला. कारागिराने जोड देण्यासाठी ज्योत धरली आणि खड्यावर जाळे पडले, वर बुडबुडे आले. हमाल म्हणाला, याने माझा खरा दगड काढून घेतला. प्रकरण हातघाईवर आले आणि दोघेही आमच्याकडे आले. तो कारागीर म्हणाला, "भाऊ, म्या दगड नाई बदलला. फुटला माह्याच हातानं, पण तो मुळातच धड नव्हता." आम्ही खडा तपासणीसाठी बाहेरगावी पाठवला. कागद आला : कुरुंद, शिशाच्या काचेने भरलेला. कारागीर खरे बोलत होता. हमालाच्या पावतीवर मात्र "माणिक अंगठी" एवढे दोनच शब्द होते. त्या दोन शब्दांवर त्याला दुकानदाराकडून काही परत मिळवता आले नाही. कर्जाचे हप्ते तो फेडीत राहिला. बंधूंनो, ज्याने लपवले तो बाजूला राहिला आणि ज्यांच्याजवळ काही नाही असे दोघे एकमेकांच्या गळ्याला लागले होते. कामगार चळवळीत हा देखावा आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

आता पॅरिसकडे वळू. ऑग्युस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणकाची रीत प्रसिद्ध केली. अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची बारीक पूड, त्यात किंचित क्रोमियम. ही पूड हायड्रोजन आणि प्राणवायूच्या ज्योतीतून खाली पाडायची. २००० अंशांहून अधिक उष्णतेत ती वितळते आणि खालच्या कांडीवर थेंबाथेंबाने साठून पेरूच्या आकाराचा लाल गोळा तयार होतो. काही तासांचे काम. १९०७ पर्यंत असे माणिक वर्षाला सुमारे ५० लाख कॅरट तयार होऊ लागले. लंडनच्या कंपनीच्या पायाखालची माती सरकली ती अशी.

हे माणिक खोटे म्हणावे काय? त्याचे द्रव्य तेच, काठिण्य तेच, लाली तीच. मनगटी घड्याळाच्या तबकडीवर "१७ ज्वेल्स" असे छापलेले आपण वाचले असेल. ही ज्वेल्स म्हणजे कृत्रिम माणकेच. चाकांच्या आसांची टोके त्यांच्या खळग्यांत फिरतात. माणिक झिजत नाही म्हणून घड्याळ वर्षानुवर्षे बरोबर वेळ देते. एच.एम.टी.ने १९६१ साली बंगलोरला घड्याळे करायला सुरुवात केली आणि मग गिरणी कामगाराच्या, शाळामास्तराच्या, कंडक्टरच्या मनगटावर माणके आली! १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत मायमन यांनी जगातला पहिला लेसर किरण काढला तोही कृत्रिम माणकाच्या कांडीतून. ही माणके कोणी खाणीतली म्हणून विकली नाहीत. त्यांच्यावर काम लिहिले होते आणि ते काम त्यांनी चोख केले. तोच कृत्रिम खडा अंगठीत बसवून "जुना ब्रह्मी माल" म्हणून विकला की फसवणूक सुरू होते. दगड दोन्हीकडे एकच; फरक पडला तो विकणाऱ्याच्या जिभेत.

मग ओळखावे कसे? प्रथम न ओळखण्याच्या रीती सांगतो. माणिक दुधात टाकले की दूध गुलाबी दिसते, हातात धरले की ऊब लागते, अशा परीक्षा सांगतात. लाल काचेनेही दूध गुलाबी दिसेल. कानशीने चरा पडतो का ते पाहणेही पुरे नाही. काच पकडली जाईल, परंतु कृत्रिम माणिक सुटून जाईल.

आता खऱ्या परीक्षा. पहिली वजनाची, ती समजायला कोणतेही कॉलेज लागत नाही. सुटा खडा हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. १० कॅरटचा, म्हणजे २ ग्रॅमचा, माणकाचा खडा पाण्यात १.५० ग्रॅम भरेल, कारण माणिक पाण्याच्या चौपट जड. तेवढीच लालडी १.४४ भरेल आणि साधी काच १.२० च्या आसपास. या लालडीने मोठमोठ्यांना फसवले आहे. इंग्लंडच्या राजमुकुटातले "ब्लॅक प्रिन्सचे माणिक" माणिक नसून लालडी आहे. माणिक आणि लालडी ही दोन वेगळी खनिजे आहेत, हे युरोपात १७८३ साली रोमे द लिल याने दाखवून दिले.

दुसरी परीक्षा प्रकाशाची. माणकात शिरलेला किरण दुभंगतो, आणि खडा फिरवून पाहिला तर एका दिशेने जांभळट लाल, दुसऱ्या दिशेने नारिंगी लाल दिसतो. लालडी, काच आणि तामडा यांत असे दोन रंग दिसत नाहीत. तिसरी परीक्षा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाची, आणि तीच सर्वांत मोलाची. खाणीतल्या माणकात रेशमासारख्या बारीक सुया, सरळ रेषांचे कोन, इतर खनिजांचे कण दिसतात. ज्योतीत केलेल्या माणकात वाढीच्या रेषा वाकलेल्या असतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या चरांसारख्या, आणि कधी गोल बुडबुडे असतात. काच भरलेल्या खड्यात भेगांमध्ये चपटे बुडबुडे दिसतात, आणि खडा कलता केला की निळी चमक उठून जाते. म्हणजे दोष नसलेला, अगदी निर्मळ आणि स्वस्त खडा दिसला की जाणत्याला आनंद होत नाही, शंका येते. तापवलेला की न तापवलेला, आणि कोणत्या देशाचा, हे मात्र भिंगाने नेहमी कळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. जयपूर, मुंबई येथे अशा प्रयोगशाळा आहेत.

तेव्हा आम्ही काय सुचवतो? वऱ्हाडच्या माणसाला हे नवे नाही. एके काळी येथला शेतकरी कापसाची गाडी घेऊन यायचा तेव्हा तराजू व्यापाऱ्याचा, माप व्यापाऱ्याचे, मूठभर कापूस उपसून प्रत ठरवणारा डोळाही व्यापाऱ्याचा. कटती किती लागेल ते देवाला ठाऊक. त्यावर उपाय म्हणून १८८६ साली कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. त्याने सर्व लूट थांबली असे नाही. कटतीची भांडणे पुढेही झाली आणि कापसावर पाणी मारून वजन वाढवणारेही निघाले. पण तोलणे उघड्यावर आले, भाव उघड्यावर आला, आणि भांडायला पायाखाली जमीन मिळाली. रत्नांच्या बाजाराला आजही तोच धडा लागू आहे. सोन्यावर हॉलमार्क असतो. गिऱ्हाईक समजते की अंगठीची सबंध हमी मिळाली. तो छाप सोन्याचा आहे, खड्याचा नाही.

म्हणून माणिक घ्यायचेच असेल तर पावतीवर चार गोष्टी लिहून मागाव्यात. एक : खडा खाणीतला की कृत्रिम. दोन : त्यावर काय केले आहे, काही नाही, तापवला, की काच भरली. तीन : वजन कॅरटमध्ये, कारण सोनाराची रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची आणि रत्नवाल्यांची रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची धरतात, एकाच शब्दाची दोन मापे झाली की गोंधळाला दार मोकळे होते. कॅरट सगळीकडे २०० मिलिग्रॅमचाच. चार : प्रयोगशाळेचा कागद असेल तर त्याचा क्रमांक. ज्या दुकानदाराचा माल चोख आहे त्याला हे लिहून देण्यात अडचण नाही. उलट चोख धंदा करणाऱ्याचे त्यात संरक्षणच आहे. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. लिहून देऊन फसवले तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे, आणि तेथे तोंडच्या शब्दापेक्षा कागद बोलतो. कारागीर बंधूंनाही आमचे सांगणे आहे : ज्योत धरण्यापूर्वी भिंगातून खडा पाहा, शंका आली तर गिऱ्हाइकासमोर खडा उतरवून ठेवा आणि मग काम करा.

कामगाराला पगाराची चिठ्ठी मिळावी म्हणून आमच्या आधीच्या पिढीने संप केले. पुष्कळांना तेव्हा वाटे, पगार मिळतो ना, मग चिठ्ठी कशाला? चिठ्ठी मिळू लागल्यावर कळले की किती कापले जात होते. माणिक तापवणे हा गुन्हा नाही, कृत्रिम करणे हा गुन्हा नाही, काच भरलेला खडा काचेच्या भावाने विकणे हाही गुन्हा नाही. न सांगणे हा गुन्हा आहे, आणि त्याचा दंड नेहमी त्यालाच बसतो ज्याला विचारण्याचा संकोच वाटतो. तेव्हा संकोच सोडा, एवढेच आमचे मागणे आहे.